दरमहा शेकडा आणि दरसाल दरशेकडा

परांडा तालुक्यातील सोनारी हे गाव काळभैरवनाथाच्या देवस्थानामुळे आणि चैत्रातील यात्रेमुळे दूरवर माहीत आहे. यात्रा म्हटली की दुकाने आली आणि दुकान म्हटले की भांडवल आले. या भागात एखाद्या लहान दुकानदारास भांडवल कसे उभे केले असे विचारले, तर पुष्कळदा उत्तर मिळते, “तीन रुपयांनी घेतले.” हे तीन रुपये कशावर आणि किती मुदतीचे, हे स्पष्ट करण्याची गरज देणाऱ्यास वाटत नाही व घेणाऱ्यासही वाटत नाही. शंभर रुपयांस दरमहा तीन रुपये, हा त्याचा अर्थ सर्वांस ठाऊक असतो.

त्याच दुकानदाराचा मुलगा शाळेत जे व्याज शिकतो, ते मात्र निराळे असते. सहावीच्या गणितात २०१६ पासून ‘बँक व सरळव्याज’ हे प्रकरण आले. त्यातील दर ‘द. सा. द. शे.’ म्हणजे दरसाल दरशेकडा असतो. मुलगा मुद्दल, दर व मुदत यांचा गुणाकार करून शंभराने भागतो, उत्तर पडताळतो आणि वही मिटतो. घरी वडिलांनी काढलेल्या कर्जास हीच रीत लावता येईल, हे त्याच्या मनातही येत नाही. कारण शाळेतील दर आठ-दहाच्या घरात असतो आणि घरचा ‘तीन’ असतो. तीन हा आकडा दहापेक्षा लहान असल्याने घरचे कर्ज स्वस्त आहे, असाच त्याचा समज व्हावयाचा. मुलाचेच कशाला, मोठ्यांचेही असेच होते.

वस्तुतः हिशेब एका ओळीचा आहे. १०,००० रुपयांस दरमहा शेकडा तीन रुपये म्हणजे महिन्यास ३०० रुपये. वर्षाचे ३,६०० रुपये. म्हणजे दरसाल दरशेकडा ३६. वर्षाअखेर व्याज न देता ते मुद्दलात मिळविले, तर दुसऱ्या वर्षी मुद्दल १३,६०० होते, त्या वर्षाच्या अखेरीस देणे १८,४९६ होते आणि तिसऱ्या वर्षाअखेर ते २५,००० च्या वर जाते. आठवीत चक्रवाढव्याज शिकविताना शिक्षकाने फळ्यावर हे एकच उदाहरण मांडले, तरी वर्गातील काही मुले मान खाली घालून बसतात, कारण ते उदाहरण त्यांच्या घरचे असते. म्हणून असे उदाहरण घेताना कोणाच्याही घरचे कर्ज चारचौघांत विचारू नये, एवढे पथ्य पाळणे अगत्याचे आहे.

पैशाचे शिक्षण ही अलीकडील कल्पना आहे, असे मानण्याचे कारण नाही. पूर्वीच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील जुन्या पिढीस तर ते नाणे हाती घेतल्याबरोबर शिकावे लागे. हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्याने येथे चालणारा रुपया निराळा होता. त्यास ‘हाली’ म्हणत. लगतची बार्शी मुंबई इलाख्यात असल्याने तेथे इंग्रजी ‘कळदार’ चाले. सात हाली रुपये म्हणजे सहा कळदार, असा सर्वसाधारण भाव असे. परांड्याच्या शेतकऱ्याने बार्शीच्या बाजारात धान्य विकून कळदार घेतले आणि परत येऊन सारा हालीत भरला, म्हणजे बट्ट्याचा हिशेब त्यास करावाच लागे. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी घोकलेल्या माणसास तो जड जात नसे. न घोकलेल्यास दुकानदार सांगेल तो भाव मान्य करावा लागे.

पुढे १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. एका आण्यास सहा नवे पैसे धरले जात. परंतु चार आण्यांचे पंचवीस पैसे होत, चोवीस नव्हेत. चार वेळा एकेक आणा देणारा आणि एकदाच पावली देणारा यांच्यात एका पैशाचा फरक पडे. त्या काळी रूपांतराचे तक्ते टांगले गेले आणि पुष्कळ घरांत नव्या पैशाचा उलगडा प्रथम शाळेत जाणाऱ्या मुलाने केला. मुलाने शाळेतील गणित घरच्या पैशास लावावे, ही गोष्ट तेव्हा परिस्थितीमुळे आपोआप घडली. आज ती मुद्दाम घडवून आणावी लागते.

त्यासाठी साधने नाहीत असे नाही. उलट, ती विनामूल्य आहेत आणि पुष्कळ आहेत. रिझर्व्ह बँक, सेबी, विमा नियामक प्राधिकरण आणि निवृत्तिवेतन निधी नियामक प्राधिकरण या चार नियामक संस्थांनी मिळून राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्र स्थापन केले आहे. या केंद्राने २०१९ साली केलेल्या पाहणीत देशातील शंभर प्रौढांपैकी सुमारे २७ जणांपाशीच आवश्यक ती किमान आर्थिक साक्षरता आढळली. केंद्रातर्फे इयत्ता आठवी ते दहावीच्या शिक्षकांसाठी प्रशिक्षण, सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी चाचणी परीक्षा आणि शेतकरी, महिला गट, आशा कार्यकर्त्या अशा प्रौढांसाठी कार्यशाळा हे उपक्रम आखले गेले आहेत. त्यांस शुल्क नाही. रिझर्व्ह बँक २०१७ पासून दरवर्षी आर्थिक साक्षरता सप्ताह पाळत आली आहे. २०२५ च्या सप्ताहाचा विषय महिलांची समृद्धी हा होता. ‘मनी कुमार’ ही तिची चित्रकथा लहान मुलांच्या आवडीची आहे, आणि ‘राजू अँड द फोर्टी थीव्ज’ या सचित्र पुस्तिकेत भामटेगिरीचे चाळीस प्रकार गोष्टीरूपाने दिले आहेत. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेचे आर्थिक साक्षरता केंद्र असते. २०१७ साली प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेल्या आणि स्वयंसेवी संस्थांमार्फत चालणाऱ्या केंद्रांची योजना पुढे वाढविण्यात आली. त्यात एका केंद्राकडे साधारणतः तीन तालुके येतात. ग्रामीण बँक शाखांनी महिन्यातून एक शिबिर, तेही तिसऱ्या शुक्रवारी कामकाजाच्या वेळेनंतर घ्यावे, अशी रिझर्व्ह बँकेची २०१७ ची सूचना आहे. ही सूचना फार थोड्या मुख्याध्यापकांना माहीत असते.

उणीव निराळ्याच ठिकाणी आहे. अधिकारी येतात, तासभर भाषण होते, पुस्तिका वाटल्या जातात, छायाचित्र निघते आणि शिबिर संपते. ऐकणाऱ्याने स्वतःच्या हाताने एक बेरीज किंवा एक गुणाकार केलेला नसतो. जे हाताने केले नाही ते महिन्यानंतर राहत नाही, हे शिक्षकांस कोणी सांगावयास नको.

याच्या अगदी उलट प्रकार म्हसवड येथे घडला, आणि तो सोनारीसारख्या कोरडवाहू मुलखातील गावास जवळचा वाटेल असाच आहे. म्हसवड हे सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी माण तालुक्यातील गाव. तेथील कष्टकरी स्त्रियांना दिवसाकाठी थोडी बचत करावयाची होती. परंतु इतक्या लहान रकमेसाठी बँकेत खाते मिळेना. तेव्हा श्रीमती चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने त्यांनी स्वतःचीच सहकारी बँक काढण्याचे ठरविले. रिझर्व्ह बँकेकडे केलेला पहिला अर्ज नामंजूर झाला. कारण प्रवर्तक सभासदांपैकी अनेकींनी सहीच्या जागी अंगठे उठविले होते. बायका खचल्या नाहीत. त्यांनी लिहिणे-वाचणे शिकण्यास प्रारंभ केला आणि काही महिन्यांनी त्या पुन्हा मुंबईस गेल्या. तेथे त्यांनी अधिकाऱ्यांस सांगितले की आम्हांस मुद्दल व दर सांगा, आम्ही यंत्रावाचून व्याज काढून दाखवितो. तुमचे लोक तसे काढतात का तेही पाहू. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँकेस परवाना मिळाला. पुढे याच मंडळींनी स्त्रियांसाठी व्यवसायशिक्षणाची शाळा काढली आणि ती बसगाडीत घालून गावोगाव नेली.

या हकिकतीत शिक्षकांनी लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या स्त्रियांना अक्षर येत नव्हते, पण व्याज येत होते. प्रौढांच्या वर्गात पुष्कळदा गृहीत धरले जाते की ज्यास वाचता येत नाही त्यास हिशेबही येत नाही. बाजारात भाजी विकणारी बाई पावणेदोन किलोचे पैसे तोंडी सांगते. तिला गुणाकार शिकवावयाचा नसतो. कागदावरची ओळ आणि तिच्या मनातला हिशेब यांची गाठ घालून द्यावयाची असते.

या जिल्ह्यातही असे काम झालेले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने लोहारा व उमरगा भागातील गावे उद्ध्वस्त झाली, तेव्हा घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात गावागावांतून स्त्रियांची संवाद सहायक म्हणून निवड करण्यात आली. साह्याची रक्कम कशी मिळते, घराचे काम कोणत्या टप्प्यापर्यंत आले पाहिजे, सामान किती लागते, हे त्यांनी घरोघर समजावून दिले. त्यातून पुढे बचत गट उभे राहिले आणि श्रीमती प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने ते काम वाढविले. त्याच सुमारास, १९९२ पासून, नाबार्डने बचत गट व बँका यांची जोडणी देशभर सुरू केली होती. आज ‘उमेद’ अभियानामुळे बचत गट नाही असे गाव सहसा आढळत नाही.

म्हणजे आर्थिक शिक्षणाचे एक चालते पाठ्यपुस्तक जवळजवळ प्रत्येक घरी आहे. ते म्हणजे आईचे गटाचे पासबुक. त्यातील मासिक बचत, अंतर्गत कर्ज, व्याज व परतफेड या रकान्यांवरून सातवीच्या वर्गास पुरतील इतकी उदाहरणे निघतात. एक सूक्ष्म मुद्दा येथे सांगितलाच पाहिजे. गटाचा दरही पुष्कळदा दरमहा शेकडा दोन रुपये, म्हणजे वर्षास २४ असतो. मग गट व सावकार यांत फरक तो काय, असा प्रश्न चाणाक्ष मुलगा विचारील, आणि त्यास टाळू नये. सावकारास दिलेले व्याज घराबाहेर जाते. गटास दिलेले व्याज गटाच्याच निधीत पडते व त्यात आईचा वाटा असतो. तरीही चोवीस हे चोवीसच आहेत, आणि बँकेकडून कमी दराने कर्ज मिळत असेल तर गटाने ते का घ्यावे, हेही त्याच वेळी मुलांस समजते.

सावकारीबाबत कायदा काय म्हणतो, हे प्रौढांच्या वर्गात अवश्य सांगावे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवाना घेतल्यावाचून सावकारी करता येत नाही. शेतकऱ्यास तारणावर दिलेल्या कर्जास दरसाल शेकडा ९ व विनातारण कर्जास १२, इतर व्यक्तींस अनुक्रमे १५ व १८, असे कमाल दर त्याच वर्षी ठरविण्यात आले. वर घेतलेल्या उदाहरणात १०,००० रुपयांस शेतकऱ्याकडून वर्षाला फार तर १,२०० रुपये व्याज घेता येते. तीन रुपये शेकड्याने ३,६०० घेतले जातात. व्याजाची एकूण रक्कम मुद्दलाहून अधिक होऊ नये, हा दामदुपटीचा जुना नियमही या कायद्यात आहे. अवैध सावकारीत जमीन लिहून घेतली असेल, तर मागील पंधरा वर्षांच्या मर्यादेतील व्यवहाराबाबत सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकांकडे अर्ज करून ती परत मागता येते. नडलेला माणूस दुसऱ्याच दिवशी त्याच सावकाराच्या दारी जातो, हे खरे आहे. कायदा ठाऊक असल्याने त्याची नड भागत नाही. परंतु कोऱ्या कागदावर सही करताना त्याचा हात क्षणभर थांबला, तरी ते थोडे नाही.

कर्ज देणाऱ्या कंपन्यांच्या बाबतीत फसगत निराळ्या रीतीने होते. तेथे दर वार्षिकच सांगितला जातो, पण तो ‘फ्लॅट’ असतो. १२,००० रुपये बारा हप्त्यांनी फेडावयाचे व व्याज शेकडा १२, म्हणजे वर्षाचे १,४४० रुपये. हप्ता १,१२० रुपयांचा. हे वरवर रास्त दिसते. तथापि दरमहा १,००० रुपये मुद्दल परत जात असते. पहिल्या महिन्यात वापरावयास १२,००० असतात, शेवटच्या महिन्यात अवघे १,०००. वर्षाची सरासरी काढली तर ६,५०० रुपये पडते. ६,५०० वर १,४४० व्याज म्हणजे शेकडा सुमारे २२. सरासरी हा घटक प्राथमिक शाळेतच शिकविला जातो. त्यास यापेक्षा उपयुक्त उदाहरण मिळणे कठीण. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका व कंपन्यांनी किरकोळ कर्जदारास सर्व खर्च धरून येणारा वार्षिक दर एका विवरणपत्रकात लिहून देणे बंधनकारक झाले आहे. ते पत्रक मागावे लागते, कारण ते इतर कागदांच्या गठ्ठ्यात दिले जाते व न वाचताच सही होते.

ज्या घरांतून दिवाळीनंतर माणसे ऊसतोडीस जातात, तेथील हिशेब याहून अवघड असतो. मुकादमाकडून घेतलेली उचल, तोडलेल्या उसाचे टन, टनाचा दर, मधून मधून मिळालेली खर्ची आणि शेवटी उचलेतून झालेली वजावट, हे सर्व बहुधा मुकादमाच्या वहीत असते. कोयत्याच्या वहीत नसते. हंगामी वसतिगृहात राहणाऱ्या मुलाने आई-वडील जाण्यापूर्वी त्यांस चार रकान्यांची वही आखून दिली आणि वजनाच्या चिठ्ठ्या त्यात ठेवण्यास सांगितले, तर हंगामाच्या शेवटी निदान बोलण्यास आधार राहतो. ऊस घालणाऱ्या शेतकऱ्यासही चिठ्ठी जपण्याचे कारण आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत त्याची किंमत मिळाली पाहिजे. त्यानंतरच्या विलंबास दरसाल शेकडा १५ व्याज आहे.

शाळेतील बालबाजार किंवा आनंदनगरी हा उपक्रम आता सर्वत्र होतो. त्यात मुले रमतात. परंतु शिक्षण बहुधा अर्ध्यावर राहते. भेळीच्या गाड्यावरील मुलगी २६० रुपये जमले की “दोनशे साठ रुपये कमावले” असे सांगते आणि सर्वजण टाळ्या वाजवितात. कुरमुरे, शेव, कांदा मिळून १८० रुपये आणि द्रोणांचे २० रुपये आईने दिले होते, ते कोठेच मांडलेले नसतात. नफा ६० रुपयांचा. त्यातही घरची चिंच व आईचे श्रम धरलेले नाहीत. बाजार उठल्यानंतरचा तास याच हिशेबासाठी राखून ठेवावा. किंबहुना तो तास नसेल तर बाजार न भरविला तरी चालेल.

मुलांच्या खात्यांविषयी नियम अलीकडे सुलभ झाले आहेत. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलास बँक आपल्या धोरणानुसार स्वतंत्रपणे बचत खाते उघडू व चालवू देऊ शकते, अशा रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२५ च्या सूचना असून त्यांनुसार धोरण आखण्यास बँकांना १ जुलै २०२५ पर्यंतची मुदत होती. त्याहून लहान मुलांचे खाते पालकासह असते. खाते उघडताना ते मूलभूत बचत खाते आहे, म्हणजे त्यात किमान शिल्लक ठेवण्याची अट नाही, याची खात्री करून घ्यावी.

घरच्या पासबुकातील प्रत्येक ओळ वाचावयास शिकविणे, हा मुलांसाठी व प्रौढांसाठी समान धडा होऊ शकतो. वर्षातून एकदा २० रुपये व एकदा ४३६ रुपये वजा झालेले दिसतात. पुष्कळांस ते बँकेने उगाच कापले असे वाटते. वस्तुतः पहिली रक्कम अपघात विम्याची आणि दुसरी जीवन विम्याची असून प्रत्येकी दोन लाख रुपयांचे संरक्षण त्यात आहे. घरातील कर्ता माणूस गेल्यावर ही ओळ कोणी वाचलीच नाही, तर विधवेस मिळावयाचे पैसे मागितलेच जात नाहीत. २० रुपयांच्या त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढण्यास मुलास सांगावे.

ठेवीदारांच्या बाबतीतही एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. बँकेतील ठेवीस, मग ती बँक सहकारी का असेना, ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाख रुपयांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतील ठेवीस तो नाही. ती मल्टिस्टेट असली तरी नाही. २०२३-२४ मध्ये मराठवाड्यातील काही मल्टिस्टेट पतसंस्थांचे व्यवहार ठप्प झाले, तेव्हा मुलींच्या लग्नासाठी आणि म्हातारपणासाठी ठेवलेल्या रकमा अडकल्या. पाटीवर मोठ्या अक्षरांत काय लिहिले आहे यावरून संस्था बँक आहे की नाही हे कळत नाही. जादा दर पाहून भुलणाऱ्यास ७२ चा आडाखा शिकवावा. ७२ ला दराने भागले असता रक्कम सुमारे किती वर्षांत दुप्पट होईल ते कळते. शेकडा ८ दराने नऊ वर्षे लागतात. सहा महिन्यांत दुप्पट देतो म्हणणारा मनुष्य ती रक्कम कोठून आणणार, हे मुलांनीच त्यास विचारावे.

भ्रमणध्वनीवरून होणाऱ्या फसवणुकीत घरातील मुलाचे स्थान चमत्कारिक झाले आहे. आजोबांचे निवृत्तिवेतन किंवा आजीचे अनुदान आले की नाही हे नातू पाहतो. गुप्त क्रमांकही त्यालाच ठाऊक असतो. दहा वर्षांच्या मुलावर ही जबाबदारी टाकणे योग्य नव्हे. परंतु ती पडलेली आहे, तेव्हा त्यास एवढे तरी शिकविले पाहिजे की पैसे मिळण्यासाठी गुप्त क्रमांक कधीच टाकावा लागत नाही, तो केवळ देण्यासाठी लागतो. फसवणूक झालीच तर लगोलग १९३० या क्रमांकावर कळवावे. पहिले काही तास गेले की पैसे हाती लागणे दुरापास्त होते. बँकेविरुद्ध तक्रार असून तिची दाद लागत नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ती विनामूल्य करता येते.

‘मोफत’ या शब्दाविषयी थोडी सावधगिरी हवी. विमा किंवा गुंतवणूक विकणारे प्रतिनिधीही मोफत मार्गदर्शनाच्या नावाने शाळेचे सभागृह मागतात. वर उल्लेखिलेल्या संस्थांच्या शिबिरात कोणतीही योजना विकली जात नाही. शेवटी नाव, आधार क्रमांक व सही मागणारा फॉर्म फिरू लागला, तर मुख्याध्यापकांनी तेथेच थांबवावे.

शिबिर मागविण्यासाठी मुख्याध्यापकांनी जवळच्या बँक शाखेस अथवा जिल्हा अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकांस पत्र द्यावे. वेळ गावाच्या सोयीची मागावी; दूध घालून झाल्यावर व स्वयंपाकास लागण्यापूर्वीचा तास स्त्रियांना सोयीचा पडतो. यात्रेचा आठवडा व ऊसतोडीस माणसे बाहेर गेलेले महिने टाळावेत. शाखेकडून वीस कोऱ्या भरणा पावत्या व वीस काढण्याच्या पावत्या आधीच मागून घ्याव्यात, आणि येणाऱ्या अधिकाऱ्यांस विनंती करावी की भाषण दहा मिनिटांचे असावे. उरलेला वेळ आलेल्या प्रत्येकाने एक पावती स्वतःच्या हाताने भरावी व एका कर्जाचा दरमहा दर दरसाल करून पाहावा. सहावी-सातवीची मुले त्या वेळी मदतीस बसवावीत, शक्यतो प्रत्येकाने आपल्याच आईशेजारी.